मिस्टर एल्टननं बग्गीत नेमकं काय केलं?

शब्दवेल: आमच्या वाचनगटासाठी जेन ऑस्टिनची 'एमा' (१८१५) मराठीत आणते आहे आणि पंधराव्या प्रकरणात येऊन अडकले आहे. नाताळच्या आदल्या रात्री वेस्टन मंडळींकडचं जेवण आटोपतं, बर्फ पडायला लागलं म्हणून निघायची एकच गडबड उडते आणि दुसऱ्या बग्गीत एमा आणि गावचे पाद्री मिस्टर एल्टन असे दोघंच उरतात. बग्गी फाटकाबाहेर पडते न पडते तोच एल्टन तिचा हात धरतो आणि मूळ शब्दांत 'मेकिंग व्हायोलंट लव्ह टु हर' सुरू करतो. मी लिहिलं, 'तो आवेगानं तिच्यापाशी प्रेम व्यक्त करू लागला.' गटातल्या एका काकांनी खर्डा वाचून लगेच फोन केला. म्हणाले, "तू हे सौम्य करते आहेस. तिथं बळजबरी झाली आहे. दोन्ही शब्द ढळढळीत आहेत." काका आयुष्यभर इंग्रजी वाचत आलेले, त्यामुळे नुसतं 'नाही हो' म्हणून भागणार नाही. शिवाय 'व्यक्त करू लागला' मला स्वतःलाही फिकं वाटतं. तुम्ही काय लिहाल?

जुनी वही: काकांना त्याच्या पुढचीच ओळ दाखवा. 'आशा, भीती, आराधना, नकार दिलात तर मरायला तयार' असा एल्टनचा सपाटा चालू आहे. म्हणजे तो बोलतो आहे. लग्नाची मागणी घालतो आहे. 'मेक लव्ह'चा शारीरिक अर्थ सर्रास रूढ झाला तो विसाव्या शतकात. त्याआधी तीनेकशे वर्षं त्याचा अर्थ गोडगोड बोलणं, मनधरणी करणं, एखाद्या बाईची मर्जी संपादायला झटणं असाच होता. ऑस्कर वाइल्डच्या 'अर्नेस्ट'मध्ये (१८९५) अल्जर्नन म्हणतो, बाई सुंदर असेल तर तिच्याशी 'मेक लव्ह' करावं आणि कुरूप असेल तर दुसरीशी. हे वाक्य भर रंगमंचावर, सभ्य प्रेक्षकांसमोर म्हटलं गेलं. आजचा अर्थ असता तर ते रंगमंचावर येऊच शकलं नसतं.

गोदाकाठ: 'व्हायोलंट'चं उत्तर खुद्द ऑस्टिननंच देऊन ठेवलं आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) बिंग्ली आपल्या बहिणीच्या, जेनच्या, 'व्हायोलंटली' प्रेमात होता असं नायिका एलिझाबेथ सांगते, तेव्हा तिची मामी मिसेस गार्डिनर तिला तिथंच थांबवते. हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातून मला काहीच कळत नाही, अर्ध्या तासाच्या ओळखीलाही लोक तो वापरतात, तर बिंग्लीचं प्रेम किती 'व्हायोलंट' होतं ते सांग, असं ती विचारते. म्हणजे तेव्हाच तो शब्द वापरून वापरून बोथट झाला होता. त्यात मारहाण नाही आणि बळजबरीही नाही. 'जोरदार', 'अनावर', इतकंच.

त्याच कादंबरीत मिस्टर बेनेट आपल्या नव्या जावयाबद्दल, विकमबद्दल, म्हणतो की तो गालात हसतो, लाडेलाडे वागतो आणि आम्हा सगळ्यांशी 'मेक्स लव्ह' करतो. सासऱ्याशीसुद्धा! काकांचा अर्थ तिथं लावून पाहा म्हणावं.

परखड: विकमसाठी मराठीत अगदी बेतलेला शब्द आहे: गोंडा घोळतो. गोंडा म्हणजे कुत्र्याची झुबकेदार शेपटी. 'आम्हा सगळ्यांपुढे गोंडा घोळतो' म्हटलं की मिस्टर बेनेट जसाच्या तसा उभा राहतो.

शब्दवेल: विकमसाठी उत्तम. पण एल्टनच्या मनात खरोखर हेतू आहे, त्याला लग्न करायचं आहे. एमा त्याचं आपल्या मैत्रिणीशी, हॅरिएटशी, जुळवायला बघत होती आणि हा त्या सगळ्याचा अर्थ आपल्याला प्रोत्साहन असा घेत होता. तिथं गोंडा चालणार नाही. 'प्रेमाराधन' किंवा 'प्रणयाराधन' कसं वाटतं?

परखड: नको. अशी बोजड संस्कृत जोडकामं कोणाच्याही तोंडी नसतात. तुमच्या आईनं कधी 'तो प्रणयाराधन करत होता' म्हटलं आहे का? ती म्हणेल, 'तो तिच्या मागे लागला होता', 'लाडीगोडी लावत होता', 'लगट करत होता'. पाद्री असला म्हणून त्याला पंचपक्वान्नांचा शब्द वाढायची गरज नाही.

जुनी वही: 'लगट'मध्ये अंगाला अंग लागतं. म्हणजे तुम्ही फिरून काकांच्याच बाजूला गेलात. शिवाय ऑस्टिनचं निवेदन घरगुती बोलीतलं नाही, घोटीव आहे. 'प्रणय' हा नाटकं, कादंबऱ्या, कविता यांतून आपल्याकडे दीडशे वर्षं रुळलेला शब्द आहे. तोंडी नसला म्हणून तो परका होत नाही.

गोदाकाठ: 'प्रणय'ची गंमत अशी की त्याचाही प्रवास थेट 'मेक लव्ह'सारखा झाला आहे. अमरकोशात प्रणयाचे अर्थ विश्वास, याचना आणि प्रेम असे दिले आहेत. याचना! म्हणजे जवळिकीच्या हक्कानं केलेली मागणी. एल्टनची तऱ्हा याहून वेगळी काय आहे? मेघदूतातला यक्ष शिळेवर गेरूनं पत्नीचं चित्र काढतो ते 'प्रणयकुपिता' असं, लटक्या रागानं रुसलेली. त्यात लडिवाळपणा आहे, हक्क आहे. आणि आज 'प्रणयदृश्य' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. दोन भाषांमधले दोन शब्द एकाच वाटेनं घसरले.

वर्धेकर: घसरले कशाला? अर्थ सरकला म्हणा. लोक बोलतात तो अर्थ. अमरकोश उघडून आजच्या वाचकाला दटावता येत नाही. 'प्रणय करू लागला' छापलंत तर दहातले नऊ जण काकांसारखाच फोन करतील.

जुनी वही: मग वाचकाला जरा वर चढू द्या की. प्रत्येक शब्द आजच्या वापराला शरण जाऊन निवडायचा तर अभिजात पुस्तकाचा अनुवाद करायचाच कशाला? 'एमा' वाचणाऱ्याला दोनशे वर्षांपूर्वीचं अंतर जाणवायला हवं.

मांडवी: शेक्सपिअरकडे कोणी वळलं नाही म्हणून सांगते. मॅकबेथ मारेकऱ्यांना म्हणतो, तुमच्या साहाय्याशी मी 'मेक लव्ह' करतो. म्हणजे तुम्ही मदत करावी म्हणून मी तुमची मनधरणी करतो. हॅम्लेटही रोझेनक्रान्झ आणि गिल्डनस्टर्नना मरणाच्या दारी धाडल्यावर होरेशिओला सांगतो, अरे, त्या दोघांनीच या कामगिरीशी 'मेक लव्ह' केलं होतं. आपल्या पायांनी तिच्या मागे लागले होते. इथं बाई नाही, बिछाना नाही, फक्त आर्जव आहे. मला 'मनधरणी' हाच शब्द सगळीकडे चालेलसा वाटतो. 'एल्टन तिची जीव तोडून मनधरणी करू लागला.'

गोदाकाठ: पण त्याच हॅम्लेटमध्ये तो आईला 'घाणेरड्या खुराड्यात मेक लव्ह' असं सुनावतो, तिथं आधीची ओळ घामट बिछान्याची आहे. तिथं मनधरणी बसवून दाखवा. तेव्हा शारीरिक अर्थ विसाव्या शतकात आकाशातून पडला असं सरसकट म्हणता येत नाही. सावली आधीपासून होती. आगरकरांनी केलेल्या 'हॅम्लेट'च्या मराठी रूपांतरात, 'विकारविलसित'मध्ये (१८८३), ही जागा कशी उतरली आहे ते कोणी पाहून सांगेल का?

जुनी वही: सावली होती, मान्य. पण नेहमीचा अर्थ तो नव्हता. एडिथ व्हार्टनच्या 'द एज ऑफ इनोसन्स' या कादंबरीत (१९२०) आर्चर एलेनला म्हणतो, मी तुझ्याशी कधी 'मेक लव्ह' केलं नाही आणि करणारही नाही, पण मी जिच्याशी लग्न केलं असतं ती तू आहेस. तिथं दोन्ही अर्थ लावून वाचलं तरी वाक्य उभं राहतं. मला ते संधिकाळातलं वाक्य वाटतं. आणि १९४६च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या चित्रपटात मेरी आईला जिन्याकडे तोंड करून सांगते की जॉर्ज माझ्याशी 'व्हायोलंट लव्ह' करतो आहे. जॉर्ज बिचारा दिवाणखान्यात अवघडून बसलेला. म्हणजे ऑस्टिनचा प्रयोग, विशेषणासकट, १९४६पर्यंत जिवंत होता.

शब्दवेल: ही उदाहरणं काकांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं: "अर्थ मान्य. पण बंद बग्गी आहे, रात्र आहे, तिला उतरता येत नाही, आणि त्यानं हात धरला आहे. तो तिला पुरतं बोलूही देत नाही. मराठीत हे नुसतं लाडिक दिसता कामा नये." मला हे पटलं. एमाला वाटतं याला वेस्टनकडची दारू चढली आहे, ती त्याला वरचेवर थोपवू पाहते आणि तो ऐकत नाही. 'मनधरणी'त तो फार गरीब होतो.

परखड: मग 'गळ घालू लागला'. हात धरून गळ घातली. झालं की.

वर्धेकर: एक विचारू? आपण सगळे 'प्रेम करणे' गृहीत धरून चाललो आहोत. आमच्याकडे आजी कधी 'प्रेम केलं' म्हणत नसे. प्रेम बसायचं, जडायचं, जीव लागायचा. 'करणे' हे इंग्रजीच्या संगतीनं आलं असं माझं मत आहे. प्रेम मुळात करायची गोष्टच नव्हती, ते व्हायचं.

मांडवी: गोव्यात असं म्हणून बघा! कोंकणीत 'हांव तुजो मोग करतां' म्हणतात, लेकराला आणि देवालासुद्धा. ते काही इंग्रजीतून शिकलेलं नाही. आणि मराठीत 'माया करणे' आहेच ना?

वर्धेकर: माया मोठ्यांनी लहानांवर करायची. बरोबरीच्यांत नाही. सून सासूवर माया करते असं कोणी म्हणत नाही.

परखड: म्हणतात. आमच्या सांगली भागात सर्रास म्हणतात. आणि 'जीव लावणे' कुठं ठेवलंत? जीव लागतो तसा लावताही येतो. लावणे म्हणजे करणेच झालं. गाईवासराला लावतात, शेजारच्या पोरालाही लावतात.

गोदाकाठ: खरं तर मराठीचं मागण्याचं क्रियापद 'घालणे' आहे. मागणी घालणे, गळ घालणे, साकडं घालणे, साद घालणे. 'करणे'च्या मागे का लागला आहात?

वर्धेकर: भीकही घालतात, पण ती देणारा घालतो, मागणारा नव्हे. आणि डोळा घालणे? त्यात मागणं आहे की देणं, ते आधी ठरवा.