पद्मिनीचा रंग शेड कार्डावरून नको

साताऱ्यातल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला पुन्हा रंग द्यायचा म्हणून शेड कार्ड (रंगांच्या नमुन्यांचा तक्ता) बघून रंग ठरवायचं चाललंय, ते थांबवा. आधी पद्मिनीचा मूळ रंग शोधा: डॅशबोर्डखाली, दाराच्या पॅडमागे, डिकीच्या रबराखाली. तिथे ऊन पोचत नाही. जागा २००० नंबरच्या वॉटर पेपरने हलकी घासा, पॉलिशचं कंपाउंड मारा, मगच रंग मोजणाऱ्या मशीनवर शेड जुळवा. मळकट थरावर घेतलेलं रीडिंग चुकतंच. मग फूटभर पत्र्यावर, गाडीला देणार तोच प्रायमर मारून, नमुना काढा. सुकल्यावर शेड बदलते, तेव्हा दुसऱ्या दिवशी उन्हात आणि सावलीत बघा. मेटॅलिक मात्र नकोच, साधा सॉलिड शोभतो.

आणि साताऱ्याच्या पावसात घाई कसली? दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटवर पांढरट झाक येते, पीयू (पॉलियुरेथेन) पेंटमध्ये मिसळायचं, रंग कडक करणारं हार्डनर ओल धरून बुडबुडे काढतं. दसऱ्यानंतर मारा.