इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? (कोथरूड, जुनी सोसायटी, वर्षातून दोनदा कोकण)

तिसरा मजला
मंडळी, सल्ला हवाय. गाडी पेट्रोलची, २०१५ ची, ९४ हजार किलोमीटर पळालेली. कोथरूड ते भोसरी एमआयडीसी जाऊन-येऊन ४० किलोमीटर, इकडचं-तिकडचं धरून महिन्याला हजारभर. शहरात लिटरला १४ देते, ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून तेही कुरकुरत. म्हणजे महिन्याला ७१ लिटर, सव्वासात-साडेसात हजारांचं पेट्रोल.

ऑफिसात तिघांनी हिरवी पाटी लावली (इलेक्ट्रिक गाडीची नंबरप्लेट हो) आणि आता डब्याच्या सुट्टीत दुसरा विषय नाही. बायको म्हणते घ्यायची तर इलेक्ट्रिकच. बाबा म्हणतात, तू मोबाईल चार्जिंगला लावायला विसरतोस, गाडी काय लावणार.

माझा हिशेब असा: १०० किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून १५ युनिट, म्हणजे महिन्याला १५० युनिट. घरचा वापर २२० आहे, तो ३७० वर जाईल. महागड्या स्लॅबमध्ये गेलो तरी सरासरी १५ रुपये धरून सव्वादोन हजार. महिन्याला पाच हजार वाचतात. बजेट १२ ते १४ लाख. गणपतीत आणि मे महिन्यात गुहागरला जातो, इथून पावणेतीनशे किलोमीटर. सोसायटी १९९६ ची, एकही चार्जर नाही. घेऊ का?

हरित पाटी
डोळे मिटून घ्या. माझी टाटाची पंच इलेक्ट्रिक आहे, ३५ किलोवॉट-अवर, म्हणजे ३५ युनिटची बॅटरीवाली. दोन वर्षांत ३८ हजार झाले. ऑइल नाही, क्लच नाही. संध्याकाळी चांदणी चौकात दीड तास अडकलो तरी डावा पाय शाबूत राहतो, याची किंमत कुठल्याही तक्त्यात मावणार नाही.

तुमच्या हिशेबात दोन गोष्टी राहिल्या. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आपल्याकडे ११ टक्के मोटार वाहन कर लागतो, इलेक्ट्रिकला तो माफ. म्हणजे लाखभर तिथेच वाचले. आणि २०२५ च्या राज्याच्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. द्रुतगतीवर एका बाजूचे ३२० रुपये असतात, महिन्यातून एकदा मुंबईला जात असाल तर गंमत नाही. (एका नाक्यावर माझ्या फास्टॅगमधून तरीही कापले होते. तक्रार केल्यावर तीन आठवड्यांनी परत आले. मेसेज तपासत राहा.)

स्लॅबचा बागुलबुवा करू नका. ३०० च्या वरचे ७० युनिटच महागड्या दराने लागतात, सगळं बिल नाही. माझ्या मेहुण्याला हे समजवायला मला दोन चहा लागले.

खडूस पुणेकर
डोळे उघडे ठेवून वाचा. तुम्ही वाचवणार महिन्याला पाच हजार. १२ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलंत तर हप्ता बसतो पंचवीस हजारांच्या घरात. पाच हजार वाचवायला पंचवीस हजार देणारा माणूस माझ्या दुकानात आला तर मी त्याला आधी खुर्ची देईन, मग पाणी.

तुलना नेहमी "नवी इलेक्ट्रिक विरुद्ध नवी पेट्रोल" अशी मांडतात, कारण विकणाऱ्याला तीच परवडते. तुमच्या दारात फिटलेली गाडी उभी आहे. तिची तुलना करा. ९४ हजार म्हणजे पेट्रोल इंजिनाचं अर्धं आयुष्यसुद्धा नाही. पासिंग २०३० पर्यंत आहे, चालवा.

आणि घ्यायचीच असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आलाय, वरचा सेसही गेला. इलेक्ट्रिकचा पाचच आहे हे खरं, पण दोघींतलं अंतर कमी झालं. इन्कम टॅक्सच्या ८०ईईबी कलमाखालची, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची दीड लाखाची वजावट ज्यांचं कर्ज मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालं त्यांनाच. शोरूमवाले अजून हळूच तिचं नाव काढतात, म्हणून सांगितलं.

हरित पाटी
साहेब, सगळ्यांनी फिटलेली गाडीच चालवायची तर आपण अजून प्रीमियर पद्मिनीत असतो.

खडूस पुणेकर
वाईट काय होतं? काच हाताने खाली व्हायची. हलके घ्या.

पाना-पक्कड
भांडण चालू द्या, मी गाडीखालून बोलतो. गॅरेज आहे, दोन्ही प्रकार हाताखालून जातात.

इलेक्ट्रिकमध्ये मोठ्या बॅटरीची भीती लोकांना जास्त, पण अर्ध्या रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या मी उचलून आणतो त्या बहुतेक वेळा छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीने दगा दिलेल्या. ती गेली की चारशे व्होल्टचा डबा, म्हणजे मोठी बॅटरी, भरलेला असूनही दार उघडत नाही. आठ हजारांच्या आत काम होतं, पण गिऱ्हाइकाचा चेहरा आठ लाखांचा झालेला असतो. ब्रेक पॅड मात्र झिजतच नाहीत, उलट वापराअभावी डिस्कवर गंज धरतो. टायर लवकर जातात, वजन आणि पिकअपमुळे.

मोठ्या बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर हे साधारण ठरलेलं. आता काही मॉडेलना "लाइफटाइम" देतात, त्यातली बारीक अक्षरं वाचा. ती पहिल्या मालकासाठी असते. म्हणजे तुम्ही विकायला काढलीत की अर्धी किंमत त्या एका ओळीनेच खाल्ली. मी भावाला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो: तीन-चार वर्षांत गाडी बदलणारा माणूस असशील तर नको, दहा वर्षं वापरणार असशील तर घे.

रेंजबद्दल. नेक्सॉनच्या ४५ किलोवॉट-अवरवाल्या मॉडेलला कागदावर ४८९ किलोमीटर आहेत, खुद्द कंपनी प्रत्यक्षातला अंदाज म्हणून ३५० ते ३७० सांगते. एसी, चार माणसं, शंभरच्या पुढचा वेग, आणखी वजा करा. मी तीनशेच्या खालीच धरतो.

गुहागरची सून
पुणे-गुहागर इलेक्ट्रिकने तीनदा केलंय म्हणून लिहिते. मे महिन्यात स्वर्ग. कराडला जेवायला थांबलो, जेवण होईपर्यंत गाडी भरली, पुढे पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरताना चार्जचा आकडा चक्क वाढतो. मुलं पैजा लावत होती किती टक्के वाढेल याच्या.

गणपतीत मात्र… चतुर्थीच्या आदल्या दिवशी एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगच्या दोन गन, त्यातली एक बंद, आणि पुढे पाच गाड्या. ॲपमध्ये "उपलब्ध" दिसत होतं. एक जण चार्जिंगच्या जागेवर साधी डिझेल गाडी लावून वर वडे खायला गेलेला. आमच्या ह्यांनी त्याला शोधून काढेपर्यंत मांडीवरच्या मूर्तीला हात लावून सासूबाई म्हणाल्या, "बाप्पाला उंदीर बरा होता." घरी पोहोचायला रात्रीचे पावणेदोन. मोबाईलमध्ये चार कंपन्यांची चार ॲपं, प्रत्येकात शे-दोनशे रुपये अडकलेले, ते अजून तिथेच आहेत. बाहेरच्या चार्जिंगवर १८ टक्के जीएसटीही लागतो, युनिट वीसच्या पुढे सहज जातं. तुमचे १५ रुपये घरच्या प्लगचे.

तरी गाडी विकलेली नाही. गणपतीला आता दिराच्या गाडीतून जातो. ५० दिवस सुखाचे आणि एक दिवस दुसऱ्याच्या डिकीत मखर, चालतंय.

पाना-पक्कड
ताई, उतरताना वाढलं ते परत येताना फेडलं असेल. माणसांसकट १९०० किलोची गाडी साडेपाचशे मीटर वर चढवायला जवळपास तीन युनिट लागतात, म्हणजे सपाटीवरचे वीसेक किलोमीटर. चिपळूणहून निघताना तेवढे शिल्लक ठेवायचे. उतारावर त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त परत मिळतं, सगळं नाही.

कोळसापट्टा
तुम्ही सगळे पैशाचा हिशेब करून राहिले, वीज कुठून येते ते कोणीच विचारत नाही. मी विदर्भातला. औष्णिक केंद्रापासून सहा किलोमीटरवर घर आहे, केंद्राचं नाव लिहीत नाही. आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायचे तर वाऱ्याची दिशा पाहावी लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि त्यात ही राख. देशातली पाऊण वीज कोळशावर होते. तुमची गाडी धूर सोडत नाही, ती धूर आमच्याकडे पार्सल करते. हिरवी पाटी लावायची असेल तर लावा, पण स्वच्छ हवेचं प्रवचन देऊ नका.

हरित पाटी
मुद्दा मान्य, पण आकडे बघू या. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. धागाकर्त्याचे १५ युनिट म्हणजे १०० किलोमीटरला साडेदहा किलो. त्याची सध्याची गाडी तेवढ्याच अंतराला सात लिटर पेट्रोल पिते, लिटरला २.३ किलो धरले तर सोळा किलो. आणि पेट्रोल विहिरीतून काढून, शुद्ध करून, टँकरने आणायचा धूर यात धरलेलाच नाही. बॅटरी बनवताना दोन-तीन टन जास्तीचे जातात, ते फिटायला तीन-चार वर्षं लागतात हेही सांगतो, लपवत नाही. पण ग्रिडमध्ये सौर वाढतेय, म्हणजे माझी गाडी जुनी होता होता स्वच्छ होत जाणार. पेट्रोलची उलट.

कोळसापट्टा
हिशेब बरोबर असेल. कार्बनचा आहे तो. राखेचा नाही. कार्बन डायऑक्साइड तुमच्या-माझ्यात सारखा वाटला जातो, राख फक्त आमच्या वाट्याला. धुणं पुन्हा धुवायला लागतं ते १०० किलोमीटरला किती, तेवढं एकदा मांडून दाखवा, मग मी गप्प बसतो.

हरित पाटी
ते मला मांडता येणार नाही.

एसटीप्रेमी
भोसरीजवळ नाशिक फाट्याला मेट्रो जाते. वनाजला बसा, सिव्हिल कोर्टला बदला. ना हप्ता ना राख. एसटीनेसुद्धा १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर विजेवरची शिवाई बस सुरू केली. एवढं असताना दीड टन लोखंड घेऊन एकटं ऑफिसला जायची हौस कशाला?

तिसरा मजला
@एसटीप्रेमी, मेट्रो स्टेशनपासून कंपनी चार किलोमीटर आत आहे आणि सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते. आठवड्यातून दोन दिवस मेट्रोने जातोच.

@खडूस पुणेकर, जुन्या गाडीला क्लच आणि एसीचा कॉम्प्रेसर मिळून पन्नासेक हजार सांगितलेत. तरी हप्त्याचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, या काकांना घरी बोलवा.

सेक्रेटरी (माजी)
या धाग्यात सगळ्यांनी गाडीवर लिहिलं, प्लगवर कोणी नाही. मी सहा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या चौघांची भांडणं याच हातांनी मिटवली आहेत, म्हणून सांगतो: तुमचा प्रश्न "गाडी कुठली" हा नाहीच. "माझ्या मीटरपासून माझ्या पार्किंगपर्यंत वायर कशी जाणार" हा आहे.

पहिला गृहस्थ गाडी आधी घेऊन आला. पार्किंगमधल्या कॉमन दिव्याच्या पॉइंटवर लावली. १९९० च्या दशकातलं वायरिंग, तिसऱ्या रात्री एमसीबी उडाली आणि पाण्याचा पंप बंद. सकाळी सात वाजता २४ कुटुंबं माझ्या दारात. दुसऱ्याने तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून एक्स्टेन्शन सोडलं होतं, पावसाळ्यात! त्या दिवशी माझं ब्लड प्रेशर कळलं मला. तिसऱ्याने रीतसर अर्ज केला तर कमिटीत एक जण म्हणाला, आग लागली तर? तासभर आगीवर चर्चा. खाली उभ्या असलेल्या १८ गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोल आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

चौथ्याने शहाणपणा केला. आधी महावितरणकडे चौकशी, वेगळं मीटर घ्यायचं की घरच्याच मीटरवरून स्वतंत्र वायर ओढायची ते ठरवलं. घरचा मंजूर भार वाढवून घेतला. इलेक्ट्रिशियनकडून लेखी अंदाज आणला. वायर, बसवणं, जबाबदारी सगळं माझ्या खर्चाने असं हमीपत्र जोडलं. वीस मिनिटांत मंजूर. मग गाडी बुक केली.

मोठा चार्जर लागतोच असं नाही. तुमचा रोजचा वापर ४० किलोमीटर, म्हणजे सहा युनिट. १५ अँपिअरचा साधा सॉकेट, स्वतंत्र वायर आणि चांगलं अर्थिंग असेल तर दोन तासांत भरतं. पूर्ण डबा भरायला चौदा-पंधरा तास लागतील, पण पूर्ण डबा रोज कोण रिकामा करतो?

सोसायटीला गच्चीवर सौर पॅनेल घ्यायला तयार करता आलं तर बघा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे आणि गाड्यांचं चार्जिंग त्यात धरलंय. विदर्भातल्या भाऊंचा प्रश्न त्याने सुटत नाही, तुमच्या बिल्डिंगपुरता थोडा हलका होईल.

खडूस पुणेकर
सेक्रेटरी साहेबांना दंडवत. अर्थात माझा हप्त्याचा मुद्दा अजून उभाच आहे.

तिसरा मजला
काल रात्री जेवण झाल्यावर टेप घेऊन खाली गेलो. मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत सरळ रेषेत २६ मीटर, पण मध्ये लिफ्टचा खड्डा आणि तळमजल्यावरच्या काकूंची तुळस. भिंतीच्या कडेने वळसा घातला तर ४१. टेपचं दुसरं टोक बाबांनी धरलं होतं, आणि "विसरशील" हे तीनदा ऐकवलं.

सध्याचं ठरलंय ते असं. वायरचा अर्ज या आठवड्यात देतो, सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर येईल. मंजूर झाला तर दहा वर्षं वापरायच्या तयारीने गाडी घेतो, कर्ज सहा लाखांच्या वर नाही, तोपर्यंत पैसे साठवतो. नामंजूर झाला तर जुन्या गाडीत क्लच बसवतो. गणपतीला काही झालं तरी भावाच्या डिझेलने. @कोळसापट्टा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. सोलरचा विषय त्याच अर्जात घातलाय, तेवढंच माझ्या हातात होतं.

@पाना-पक्कड, ४१ मीटरला वायर कुठली घेऊ?

पाना-पक्कड
६ स्क्वेअर एमएम, तांब्याची, आर्मर्ड. साधी घेऊ नका. जुन्या सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर ॲल्युमिनियम आणि तांबं यात फरक करत नाहीत, पण पोलादी कवच बघितलं की शेजारच्या गाडीकडे जातात. आणि तुळशीच्या बाजूने नेऊ नका, रोज पाणी घालतात तिथे.