मदत हवी आहे: घरच्या मलिद्यात बेराखांचा (खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वचनांचा) क्रम

शालोम मंडळी. वडील मोठ्या ऑपरेशनातून सुखरूप घरी आले, म्हणून शनिवारी शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) सुटल्यावर एलियाहू हन्नाबींचा (संदेष्टा एलियाचा) मलिदा, म्हणजे आपल्या बेने इस्राएल ज्यूंचा आभाराचा विधी, करतोय. ठाण्यात, घरीच. माणसं जमतील, मिनयानची (प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांची) काळजी नाही. आमचे नेहमीचे हजान (प्रार्थना म्हणणारे) मात्र परगावी आहेत, त्यामुळे म्हणायचं काम माझ्याकडे आलंय.

तयारी बरीचशी झाली आहे. भिजवलेले पातळ पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-पिस्ते. दूध अजिबात नाही, कारण मागून मटणाचं जेवण आहे आणि मांस-दूध आपण एकत्र खात नाही. ताटाभोवती खजूर, सफरचंद, केळी, द्राक्षं आणि संत्री. एलियाहू हन्नाबींचं गाणं देवनागरीत लिहून घेतलंय, तेवढं नीट जमतं.

अडतंय ते बेराखांवर. झाडाच्या फळांची 'हाएत्स' खजुरावर म्हणायची आणि केळ्याला 'हाअदामा' (जमिनीतून उगवणाऱ्या पिकांची), इथपर्यंत माहीत आहे. पण पोह्यांचं काय? आत्या म्हणते 'मेझोनोत' (धान्याच्या पदार्थांची), आणि ती सगळ्यांत आधी. मामांच्या मते पोहे नुसते भिजवलेले, चुलीवर शिजवलेले नाहीत, म्हणून 'हाअदामा', तीही फळांनंतर. दोघंही आपापल्या वडिलांचा दाखला देतात, आणि ताटासमोर वाद नको आहे.

फोनवर विचारता येईल असे कोणी जाणकार असतील तर मला मेसेजमध्ये सांगा. उत्तर शुक्रवार दुपारपर्यंत मिळालं तर बरं, नंतर फोन बंद असेल. तुमच्या सिनेगॉगमध्ये मलिद्याच्या पोह्यांवर कोणती बेराखा म्हणतात, आणि ती खजुराच्या आधी की नंतर?