मदत हवी आहे: आईचा दमा खरंच दमा आहे की हार्टचं काही?

आई ६८ वर्षांची, वजन ८२ किलो, बीपी-शुगर दोन्ही जुनं. तीन महिने झाले रात्री दोन-अडीचला खोकल्याची उबळ येऊन उठते, छातीत सूं सूं वाजतं, उठून बसली की अर्ध्या तासाने जरा बरं वाटतं. दमा म्हणून इनहेलर दिलाय, सहा आठवडे स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावून नियमित घेतेय, अँटिबायोटिकपण झालं, काडीचा फरक नाही. आधी दमा कधीच नव्हता, घरात कोणी सिगारेट ओढत नाही, थुंकीत टीबी नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी खोकला येतो, पण आईला टेल्मिसार्टन आहे, म्हणजे गोळीचा खोकला नसावा. आता दोन उशांशिवाय आडवं होता येत नाही आणि संध्याकाळी घोटे सुजतात, हेच मला खटकतंय.

टूडी इकोत (हार्टच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० टक्के म्हणून हार्ट ठीक आहे म्हणाले, पण हृदय कडक झालं तर पंपिंग नॉर्मल असूनही फुफ्फुसात पाणी साठतं ना? एनटी-प्रोबीएनपी (हार्टवरचा ताण दाखवणारी रक्ताची टेस्ट) १४० आलंय, वजन जास्त असलं की ते कमी दिसू शकतं असं वाचलंय.

औषधं मनाने बदलणार नाही, शुक्रवारी कार्डिओलॉजिस्टकडे जातोय. इकोत पंपिंग सोडून नेमकं काय बघायला सांगू, आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची फुफ्फुसाची टेस्ट) आधीच करून नेऊ का?