पन्नाशी उलटली म्हणून पासिंग माफ?

डबलसीट

एका मोटरसायकल ग्रुपवर परवा कुणीतरी लांबलचक मागणी टाकली आणि खाली बदामांचा सडा पडला. मागणी अशी की पन्नास वर्षांवरच्या सगळ्या मोटरसायकली आणि बाहेरून आलेल्या जुन्या गाड्या यांना पासिंगमधून, म्हणजे आरटीओच्या तपासणीतून, कायमची सूट द्या. कारणं काय, तर या गाड्या फिरतातच कमी, मालक त्यांना जिवापाड जपतात, आणि आरटीओतल्या इन्स्पेक्टरला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी तिथे दोन ओळी लिहिल्या तर "तुमच्याकडे कुठली आहे?" असं विचारून मला गप्प केलं. म्हणून इथे सविस्तर.

मुळात या मंडळींना कमी काय मिळालंय? २०२१ साली केंद्राने विंटेजचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, चासिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली. वीस हजार भरा, दहा वर्षांचं रजिस्ट्रेशन घ्या, पुढे पाच हजारांत नूतनीकरण. जुना नंबर असेल तर तोच राहतो, नव्याने नोंद असेल तर व्हीए सिरीज. बदल्यात अट एकच, की रोजच्या वापराला गाडी काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. आणि दूध घालणाऱ्याची साधी शंभर सीसीची गाडी? पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरटीओच्या मैदानात उन्हात उभी. पर्यावरण कर वेगळा.

"फिरतातच कमी" हे तर मला सूट नाकारण्याचं कारण वाटतं. उभी गाडी जास्त कुजते. केबलच्या आत गंज धरतो, ब्रेक शूवरचं लायनिंग, म्हणजे घासून चाक थांबवणारं अस्तर, सुटतं, टायरवर नक्षी नव्यासारखी असते पण रबराचा दगड झालेला असतो. टायरच्या कडेवर तारखेचा कोड असतो, कोणता आठवडा आणि कोणतं वर्ष. २००० पासून तो चार आकडी आहे. तीनच आकडे दिसले तर टायर मागच्या शतकातला. रॅलीत उभ्या असलेल्या गाड्यांचे कोड एकदा वाकून वाचा, मग बदाम टाका.

माझ्या मामांची ट्रायम्फ अशीच. क्रोम इतकं लख्ख की बघून दाढी करावी. उतारावर पुढचा ब्रेक दाबला, शूवरचं लायनिंग निघून चाकातल्या ड्रममध्ये अडकलं आणि चाक जागच्या जागी थांबलं. मामा थांबले नाहीत. कॉलरबोन गेलं. जिवापाड जपलेली गाडी होती हो.

कॉइल_कंडेन्सर

करमणूक झाली. मामांना आराम पडला असेल अशी आशा.

आता सांगा, त्या मामांची गाडी पासिंगला नेली असती तर ते लायनिंग सापडलं असतं का? ड्रम उघडून बघणारा इन्स्पेक्टर तुम्ही पाहिलाय? मी पाहिलेलं पासिंग असं: चासिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची, हेडलाइट लावून दाखवायचा, हॉर्न मारायचा, फोटो. मधे एजंट. माझी बीएसए मोटरसायकल पन्नासच्या दशकातली. साहेबांनी आधी विचारलं इंडिकेटर कुठे आहेत. म्हटलं, नव्हतेच कधी, हाताने दाखवतो. मग म्हणाले चालू करून बघतो. हँडलवर इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मागेपुढे करायचा दांडा असतो, तो मागे न घेता किक मारली आणि उलट फिरलेल्या किकने त्यांची पोटरी फोडली. चिडून शेरा काय मारला? "वाहन सदोष."

अशा तपासणीने रस्ता सुरक्षित होतो असं मानणाऱ्याला माझा दंडवत. आम्ही सूट मागतो ती ब्रेकपासून नाही, या तमाशापासून.

पादचारी

तुमचं ब्रेकपुराण चालू द्या. माझा प्रश्न आवाजाचा. रविवारी पहाटे आमच्या गल्लीतून जो 'हेरिटेज' ताफा जातो त्यातल्या एकाही गाडीला मूळ सायलेन्सर नसतो. आणि धूर! २००० सालाआधीच्या दुचाकींना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन नऊ हजार पीपीएमपर्यंत चालतं. नंतरच्या फोर स्ट्रोकला साडेतीन टक्के आणि साडेचार हजार. म्हणजे सवलत आधीच आहे. अजून किती?

कॉइल_कंडेन्सर

पादचारी, ते ताफेवाले पाच वर्षांच्या गाड्यांवर असतात. त्यांचं पाप आमच्या डोक्यावर नको. नऊ हजार पीपीएमचं म्हणाल तर माझी गाडी त्याच्या निम्म्यातही बसते. कार्ब्युरेटर लावता येणारा माणूस लागतो फक्त.

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये हेच झालंय, म्हणून लिहितो. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथली वार्षिक एमओटी चाचणी माफ आहे, मोटरसायकली धरून. त्याआधी फक्त १९६० पूर्वीच्यांना होती. पण माफ आहे ती चाचणी. गाडी रस्त्यावर चालण्यालायक ठेवायची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच. खराब ब्रेक घेऊन पकडले गेलात तर "माझी गाडी ऐतिहासिक आहे" हे उत्तर चालत नाही. माझ्या ओळखीचे बरेच जण माफी असूनही स्वतःहून गाडी तपासून घेतात.

आणि चाचणी करणारा जे गाडीवर मुळात असायला हवं तेच तपासतो. दिवेच नसलेल्या गाडीला फक्त दिवसा चालवायच्या अटीवर पास करतात. इंडिकेटर नाहीत म्हणून कुणी पोटरी फोडून घेत नाही.

जर्मनीत उलट. तिथे तीस वर्षांनी ऐतिहासिक गाडीची 'एच' नंबरपाटी मिळते, पण दर दोन वर्षांची तपासणी सुटत नाही. हॉलंडमध्ये तर मोटरसायकलींना ठरावीक काळाने तपासणीच नाही, नवी असो वा जुनी. फ्रान्सने २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरू केली तेव्हा बाइकवाले रस्त्यावर उतरले होते.

डबलसीट

टेम्सकाठी, तुमच्याकडे पोलीस थांबवून टायर बघतो. आमच्याकडे थांबवतो तो बुलेटबरोबर सेल्फी काढायला. जबाबदारी मालकावर टाकायची तर अपघातानंतर कुणीतरी ती विचारायला हवी ना?

उजवा_गिअर

खरा धोका कुठल्याच पासिंगमध्ये सापडत नाही, त्यावर कुणी बोलतच नाही. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे खाली. आता आजच्या गाडीवर शिकलेल्या पोराला ही द्या. माझ्या भावाच्या मित्राने हट्टाने घेतली. चौकात रिक्षा आडवी आली, त्याने सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेक लागायच्या ऐवजी वरचा गिअर पडला. रिक्षावाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. गाडी शंभर टक्के ठणठणीत, पासिंग झालेली.

अमेरिकेने सत्तरच्या दशकाच्या मध्यात डावा गिअर सक्तीचा केला, आपल्याकडे त्यानंतर कित्येक वर्षं उजवाच चालू राहिला. माझं म्हणणं, तपासायचंच तर चालवणाऱ्याला तपासा.

आजोबांची_जावा

जावाला पहिल्यापासून डावीकडेच गिअर, आणि तोच दांडा फिरवून किक. ही अडचण फक्त बुलेटवाल्यांची. (आनंद झाला.)

ढोलब्रेक

उजवा_गिअर, शाफ्ट आडवा टाकून गिअर डावीकडे घेता येतो. मी घेतलाय. पुढे डिस्क बसवलीय, सहा व्होल्टचं बारा केलंय. आता रात्री समोरचा खड्डा पडायच्या आधी दिसतो. पण गंमत बघा, गाडी जितकी सुरक्षित केली तितकी ती 'विंटेज' राहिली नाही असं आमच्या क्लबातले ऋषी सांगतात. मूळ स्वरूप हवं म्हणे. म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात फिरा आणि वारसा जपा.

कॉइल_कंडेन्सर

ऋषींमध्ये मीही आलो. डिस्क लावलेल्या गाडीला विंटेज म्हणायचं तर मग काहीच बोलायला नको. ज्याला डिस्क हवी त्याने नवी गाडी घ्यावी. नीट लावलेला ड्रम ब्रेक या गाड्यांच्या वेगाला पुरतो.

ढोलब्रेक

१९५५ च्या रस्त्याला पुरायचा. आज तुमच्या पुढची गाडी चाक जाम न होऊ देणाऱ्या एबीएसवर थांबते. तुम्ही कशावर थांबणार, परंपरेवर?

आजोबांची_जावा

नियम नीट वाचा की. मोठा फेरफार म्हणून चासिस, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. बारा व्होल्ट त्यात कुठे बसतं? ब्रेकही नाही. डावीकडे घेतलेला गिअर वादाचा होऊ शकतो, कारण त्यासाठी केसिंगला हात लागतो.

टेम्सकाठी

इथल्या नियमातही 'मोठा बदल' झालेल्या गाडीला माफी नाही, पण सुरक्षिततेसाठी ब्रेक किंवा सस्पेन्शन सुधारलं तर ते चालतं. हे तुमच्या ऋषींना दाखवा.

कॉइल_कंडेन्सर

साहेबांच्या देशातलं प्रमाणपत्र आलं म्हणजे संपलंच. उद्या राजदूत ३५० ला डिस्क लावून आणतील. जिच्यावरून ती बनली त्या जपानी यामाहा आरडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडच्या राजदूतला ड्रम आला, तो तिचा इतिहास आहे. तो पुसू नका.

ढोलब्रेक

त्या इतिहासाने किती जणांना आपटलं ते जुन्या मेकॅनिकांना विचारा. आणि राजदूत ३५० आली १९८३ ला, तिला विंटेज व्हायला २०३३ उजाडेल. तोवर तरी लावू द्या.

बिल_ऑफ_एंट्री

सगळे देशी गाड्यांवरच भांडताय. बाहेरून आलेल्यांचं कोण बोलणार? २०२५ च्या ऑगस्टमधली फी बघा. वीस वर्षांवरची मोटरसायकल असेल तर नूतनीकरणाला दोन हजार. तीच आयात केलेली असेल तर वीस हजार. ब्रेक तोच, धूर तोच, फी दहापट. ही तपासणीची फी आहे की श्रीमंत दिसल्याचा दंड?

त्यात कागदांचा जाच. विंटेज म्हणून नोंदवायचं तर आयात गाडीचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, द्या, आधीच नोंद असेल तर जुनं आरसी बुक द्या. महायुद्धात सैन्यासाठी आलेल्या बीएसए एम२०, नॉर्टन १६एच या गाड्यांचं बिल ऑफ एंट्री कोणाकडे मागायचं? व्हाइसरॉयकडे? आजोबांनी भंगारातून उचललेली नॉर्टन माझ्याकडे आहे, आरसी बुक पुरात गेलं. ब्रेक कुणीही येऊन बघा. पण खिडकीपलीकडे कुणाला ब्रेकमध्ये रसच नाही.

डबलसीट

हे मात्र खरं आहे. कागदांचा जाच कमी करा यावर मी कुठेही सही करीन. पण त्या मूळ पोस्टमध्ये कागदांबद्दल अक्षर नव्हतं. तिथे मागितली होती तपासणीतून सूट. कागद अडतात म्हणून ब्रेक बघू नका, हे कसलं तर्कशास्त्र?

कॉइल_कंडेन्सर

तुमचा सूर पहिल्यापासून असा आहे की जुनी गाडी ठेवणारा म्हणजे माजलेला. स्पष्टच विचारतो, मामांनी ट्रायम्फ तुम्हाला दिली नाही याचा तर राग नाही ना?

डबलसीट

वैयक्तिक येऊ नका. ट्रायम्फ मलाच मिळालीय. दोन्ही चाकांची लायनिंग नवीन करून घेतली, केबल बदलल्या, टायर बदलले, आणि तरीही दर वर्षी कुणीतरी तिसऱ्याने बघावी असं वाटतं. कारण स्वतःची गाडी माणूस प्रेमाने बघतो, आणि प्रेमाने बघताना सुटलेलं लायनिंग दिसत नाही.

आजोबांची_जावा

मग तो तिसरा कोण? इन्स्पेक्टर तर किक मारून लंगडतोय. क्लबातला माणूस ठेवला तर तो मित्राला नापास करणार नाही.

ढोलब्रेक

आणि ऋषी ठेवला तर माझी डिस्क बघून आत्मदहन करेल.

कॉइल_कंडेन्सर

डबलसीट, ट्रायम्फ तुमच्याकडे आहे हे आधी सांगितलं असतं तर निम्मा धागा वाचला असता. बरं, एवढ्यापुरतं मानतो: ड्रम उघडून, लायनिंगची जाडी मोजून, टायरचा कोड वाचून पास-नापास करणारा कुणी बसवत असाल तर मी बीएसए घेऊन रांगेत उभा राहीन. इंडिकेटर मागितले तर मात्र तसाच परत जाईन. आणि चालू मी करणार, त्यांनी किकला पाय लावायचा नाही.

उजवा_गिअर

चालवायला पण त्यांना देऊ नका. बीएसएचा गिअरही उजवीकडेच असतो.