टोलेडोकडून हरलो! नवा कोच रॉड्रिगेझचं स्प्रेड असंच रेटत राहायचं का?

निळापिवळा (12 ऑक्टोबर 2008)
मंडळी, काल कॉलेज फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल) टोलेडो 13, आपलं मिशिगन 10. मॅक कॉन्फरन्सच्या (आपल्यापेक्षा लहान टीम्सची लीग) टीम्सशी आजवर 24 मॅच झाल्या होत्या आणि 24 च्या 24 आपण जिंकलो होतो, पंचविसावी काल घालवली, तीपण आपल्याच मैदानावर, 1-4 (एक विजय, चार हार) अशी अवस्था असलेल्या टीमकडून. शेवटी 26 यार्डांचा फील्ड गोल (किक मारून 3 पॉइंट) हुकला म्हणून आपला किकर लोपाटाला शिव्या घालणं चाललंय, पण टोलेडोशी मॅच त्या किकपर्यंत गेलीच कशी हा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच की स्प्रेड, म्हणजे माणसं मैदानभर पसरवून आक्रमण करायची पद्धत, वाईट नाही, पण आत्ता आपल्याकडे जी पोरं आहेत त्यांना ते झेपत नाहीये. आपला थ्रेट साडेसहा फुटाच्या आसपासचा, उभं राहून थ्रो करणारा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा गडी), त्याला तुम्ही प्रत्येक स्नॅपला, म्हणजे बॉल हातात आला की, डिफेन्सिव्ह एंड (समोरच्या बचावफळीच्या टोकाचा गडी) काय करतो ते वाचायला लावताय. दुसरा क्वार्टरबॅक शेरीडन तर स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेला. यावर्षी जुनं प्लेबुक (डावांची वही) थोडं ठेवलं असतं, पुढे वाट काढणारा फुलबॅक ठेवला असता, तर काय बिघडलं असतं? उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, असं झालंय हे.

झोनरीड_झिंदाबाद
आलं का परत! जुनं प्लेबुक, जुनं प्लेबुक. अरे त्याच जुन्या प्लेबुकने गेल्या वर्षी 1 सप्टेंबरला ॲपलेशियन स्टेटसारख्या छोट्या टीमकडून 34-32 हरवलं आपल्याला, विसरलात? हेनी, हार्ट, मॅनिंगहॅम, जेक लाँग, आपले सगळे मोठे गडी होते तेव्हा. पुढच्या शनिवारी ओरेगनने 39-7 ने धुतलं. दोघंही स्प्रेडवाले. आणि ॲपलेशियनचे कोच स्प्रेड शिकायला वेस्ट व्हर्जिनियाला रॉड्रिगेझकडेच गेले होते, म्हणजे ज्याच्या विद्येने आपल्याला मारलं त्यालाच आणलंय, आता त्याला म्हणायचं तुझी विद्या वापरू नको?

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, झोन रीड म्हणजे कबड्डी समजा. चढाई करणारा कोपऱ्यातल्या गड्याकडे बघतो, तो आत झेपावला की बाहेरून निसटायचं, तो जागेवर थांबला की मध्ये घुसायचं. इथे तो कोपऱ्यातला गडी म्हणजे डिफेन्सिव्ह एंड, त्याला मुद्दाम कोणी ब्लॉक करत नाही. तो टेलबॅकच्या (बॉल घेऊन पळणारा गडी) मागे धावला तर क्वार्टरबॅक बॉल स्वतःकडे ठेवतो आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेतून पळतो. एक माणूस ब्लॉक न करताच बाद, त्यामुळे ब्लॉकिंगला एक माणूस जास्त मिळतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्लेनव्हिल स्टेट नावाच्या एवढ्याशा कॉलेजात रॉड्रिगेझच्या क्वार्टरबॅकचा हँडऑफ (टेलबॅकच्या हातात बॉल देणं) फसला, पोरगा तसाच उलट्या बाजूने पळाला, रॉड्रिगेझने विचारलं असं का केलंस, तर म्हणे एंड आत आला होता. तिथून हे सगळं सुरू झालं.

नोव्हायचे_काका
बाळा, कबड्डी आम्हीपण खेळलोय, चिंचवडला. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पळता येतं. थ्रेटला येतं का?

झोनरीड_झिंदाबाद
काका, विस्कॉन्सिनची मॅच बघितली ना? हाफटाइमला 0-19 होतो, जिंकलो 27-25. चौथ्या क्वार्टरमध्ये सगळा डिफेन्स आपला टेलबॅक मॅकगफीच्या मागे गेला आणि तुमचा हाच न पळणारा थ्रेट बॉल ठेवून 58 यार्ड पळाला. धापा टाकत पळाला हे मान्य, पण आजूबाजूला कोणी नव्हतंच! नवव्या नंबरची टीम होती हो ती.

निळापिवळा
आणि त्याच मॅचचा पहिला हाफ? एका पळण्यावर किती दिवस जगायचं. काल त्याच थ्रेटचं इंटरसेप्शन झालं (पास समोरच्यांनीच पकडला) आणि टोलेडोच्या गड्याने तो बॉल 100 यार्ड उलटा नेला. शंभर! म्हणजे त्यांच्या 13 पैकी 7 पॉइंट आपणच ताटात वाढून दिले.

सायली_म
दोघांचंही अर्धंच ऐकून घेण्यासारखं आहे. ब्लॉक करणाऱ्या लाइनमधला जेक लाँग एप्रिलमध्ये एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगची निवड) पहिल्या नंबरला गेला, त्याच लाइनमधला बोरेन तर सरळ ओहायो स्टेटला निघून गेला. क्वार्टरबॅकमध्ये हेनीची कॉलेजची वर्षं संपली, मॅलेट कोच बदलल्या बदलल्या आर्कान्सॉला गेला. पास पकडणारे मॅनिंगहॅम आणि ॲरिंग्टन एक वर्ष शिल्लक असताना एनएफएलला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? या लाइनसमोर तुम्ही जुने कोच शेम्बेकलर यांचं पॉवर रनिंग (जोर लावून मधून घुसणं) लावा नाहीतर स्प्रेड लावा, दीड यार्डच मिळणार. उलट जुन्या पद्धतीत लाइन तगडी लागते, स्प्रेडमध्ये निदान कमजोर लाइन लपवता तरी येते, माणसं पसरवून.

मला काळजी डिफेन्सची आहे, ज्यावर इथे कोणी बोलतच नाही. इलिनॉयने आपल्यावर 45 लावले, त्यांचा क्वार्टरबॅक ज्यूस विल्यम्सने एकट्याने 431 यार्ड काढले, आपल्या स्टेडियमचा रेकॉर्ड आहे तो. काल टोलेडोच्या निक मूरने 20 कॅच घेतले. वीस! दरवेळी तोच पाच-सहा यार्डांचा पास आणि आपला माणूस तेवढाच लांब उभा, संपूर्ण मॅच. शाळेतल्या पोरालापण तिसऱ्या कॅचनंतर कळलं असतं.

निळापिवळा
पण डिफेन्स दमतो कशाने? आपला ऑफेन्स तीन स्नॅप खेळून पंट करतो (लाथ मारून बॉल देऊन टाकतो), तेही हडल (डाव ठरवायला घोळका) न करता घाईघाईत, डिफेन्सवाले बाटली तोंडाला लावतात न लावतात तोच परत मैदानात. जुना ऑफेन्स निदान घड्याळ तरी खायचा.

सायली_म
हा मुद्दा बरोबर आहे. पण निक मूर तिसऱ्या मिनिटालापण मोकळाच होता.

नोव्हायचे_काका
मी 1979 पासून इथे आहे. शेम्बेकलर होते तेव्हा. तेव्हा बॉल दोन टॅकलच्या मधूनच जायचा, समोरच्याला माहीत असायचं, तरी जायचा. 1975 पासून एकही वर्ष बोल (सीझननंतरची मानाची मॅच) चुकलेली नाही, सलग 33 वर्षं. आता 2-4 आहोत, बोलला 6 विजय लागतात, म्हणजे उरलेल्या 6 पैकी 4 जिंकायला हवेत आणि त्यात पेन स्टेट, मिशिगन स्टेट आणि कोलंबसला ओहायो स्टेट. करा हिशेब. आणि मला कोणी जुन्यातला म्हणू नका. 1 जानेवारीला आधीचे कोच कार साहेबांनी त्यांच्या शेवटच्या मॅचला शॉटगन लावून (क्वार्टरबॅक मागे उभा करून), रिसीव्हर पसरवून फ्लोरिडाला 41-35 हरवलं, हेनीने 373 यार्ड फेकले. ते चाललं कारण हेनीला जे जमतं तेच त्याला करायला दिलं. कोचने हातातली माणसं बघून खेळ ठरवावा, खेळ ठरवून मग माणसं शोधू नयेत.

झोनरीड_झिंदाबाद
काका, आदर आहे तुमच्याबद्दल, पण हेनी चौथ्या वर्षाचा सीनियर होता हो. थ्रेटला हेनीचा खेळ दिला असता तरी तो हेनी झाला असता का?

आणि अर्धं हे अर्धं ते शिकवलं की पोरं दोन्ही धड शिकत नाहीत. 2001 ला वेस्ट व्हर्जिनियात रॉड्रिगेझचं पहिलं वर्ष 3-8 होतं, तिथेपण लोक हेच बोलत होते. पुढच्या वर्षी 9-4. नंतर पॅट व्हाइट, स्लेटन असे गडी आले, शुगर बोलमध्ये जॉर्जियाला 38-35 हरवलं. यावर्षी मार खायचा तर एकदाच खाऊ, पुढच्या वर्षी फ्रेशमन (पहिल्या वर्षाची पोरं) येतील ते पहिल्या दिवसापासून हेच शिकतील. यावर्षी ओढूनताणून 6-6 करायचं आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून सुरू करायचं, याला काय अर्थ आहे?

बकाय_बंड्या
कोलंबसहून, म्हणजे ओहायो स्टेटवाल्यांकडून नमस्कार. तुमच्या स्प्रेडसाठी अगदी बेतलेला एक क्वार्टरबॅक होता, प्रायर नावाचा. रॉड्रिगेझ त्याच्या मागे होता असं ऐकून आहे. सध्या तो आमच्याकडे स्टार्टर आहे, फ्रेशमन असून. 22 नोव्हेंबरला भेटूच.

रेडशर्ट_राम्या
ह्याला कोणी आत घेतलं

निळापिवळा
बंड्या, तू गप बस, ॲन आर्बरला आलास की आमच्याच घरी पिठलं-भाकरी हादडतोस.

झोनरीडला सांगतो, पहिल्या वर्षी 3-8 चालतं वेस्ट व्हर्जिनियात. इथे दर शनिवारी लाखाच्या वर माणूस येतो, त्यातले निम्मे काल तिसऱ्या क्वार्टरला गप्प होते. डेट्रॉइटमध्ये आधीच गाड्यांच्या कंपन्यांचं काय चाललंय ते बघतोयस, शेजारीपाजारी कोणाची नोकरी राहील माहीत नाही, लोकांना शनिवारचे तीन तासच काय ते बरे जायचे. त्यांना “दोन वर्षं थांबा” कोण सांगणार?

झोनरीड_झिंदाबाद
मग रॉड्रिगेझला हाकलून आणणार कोणाला? पेन स्टेट काय खेळतंय बघा, त्यांचे 81 वर्षांचे कोच पॅटर्नोसुद्धा स्प्रेड लावतायत, 7-0 आहेत, काल विस्कॉन्सिनला 48-7 हाणलं. ज्या विस्कॉन्सिनला आपण दोन पॉइंटने हरवून नाचलो होतो.

सायली_म
ते उदाहरण तुझ्याच विरोधात जातंय की. त्यांच्याकडे क्वार्टरबॅक क्लार्क आहे, जो काही वर्षं तिथेच बसून शिकलाय, आणि लाइनमध्ये सीनियर आहेत. त्यांनी आधी माणसं पिकू दिली. काका तेच म्हणतायत.

झोनरीड_झिंदाबाद
तेच तर मी म्हणतोय, पिकायला वेळ द्या!

नोव्हायचे_काका
पिकायला वेळ दे, पण तोवर माझं तिकीट स्वस्त कर म्हणावं.

बरं, शनिवारी पेन स्टेटला मी बघणार आहे की टेलबॅक माइनरला किती वेळा बॉल देतात. तो अंगावर जाणारा गडी आहे, त्याला सरळ आत घुसवा, रीड वगैरे नको, थ्रेटच्या डोक्यावरचं ओझं कमी होईल. एवढं जरी केलं तरी मी दोन आठवडे तोंड बंद ठेवीन. आणि 25 तारखेला मिशिगन स्टेटची मॅच आणि दिवाळीचा कार्यक्रम एकाच दिवशी आहे, हे ज्या कमिटीने ठरवलं तिच्यात माझी बायको आहे, तेव्हा तिथे टीव्हीची सोय कोणीतरी दुसऱ्याने मागा.

रेडशर्ट_राम्या
काका मी लॅपटॉप आणतो. माइनरचं पटलं मात्र