फोटोशॉप: कव्हरवर मासिकाचं नाव डोक्यामागे कसं न्यायचं?

प्रश्न: कव्हर करतेय, फोटोतल्या मुलीचं डोकं नावाच्या पुढे हवंय पण केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात आणि नावाला ड्रॉप शॅडो (अक्षरांची सावली) दिली की ती नेमकी कपाळावर पडते. काय करू?

उत्तर १: सिलेक्ट सब्जेक्ट कर, सिलेक्ट अँड मास्कमध्ये रिफाइन एज ब्रश केसांच्या कडेने फिरव, मग टेक्स्ट लेयर (नावाचा थर) निवडून ऑल्ट दाबून मास्कच्या (लेयरचा भाग झाकणाऱ्या पडद्याच्या) बटणावर क्लिक. शॅडोसाठी ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये 'लेयर मास्क हाइड्स इफेक्ट्स' टिक कर, कपाळ मोकळं.

उत्तर २: +१. फक्त अक्षर ओळखू येईल एवढंच झाक, वेलांट्या गेल्या तर संपलंच. आणि बेव्हल एम्बॉस (अक्षरं उठावदार दाखवणारा इफेक्ट) नको गं प्लीज, लग्नपत्रिका वाटते!

प्रश्नकर्ती: शॅडो गेली!! बेव्हल पण काढला बाबा 😄